निकालाआधी फेडलेला नवस

आमच्या घरात त्या वर्षी कोंबडा आधी मेला आणि निकाल मागाहून लागला. माझी नातवंडं हे ऐकून इथंच हसत सुटतात आणि मी त्यांना हसू देते, कारण कोंबड्यापर्यंतची हकीकत हसण्यासारखीच आहे. त्यापुढची सांगायची वेळ आली की मला हटकून चुलीवरचं दूध आठवतं आणि मी उठून आत जाते. आमच्या घरात चूल पेटत नाही त्याला जमाना झाला, हे त्या पोरांच्या अजून ध्यानात आलेलं नाही.

तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्गात होते. त्या वेळच्या शोभाला आज मी रस्त्यात पाहिलं तर पलीकडच्या बाजूनं जाईन. ती बया सकाळी आमच्या कट्टा गावच्या एसटी थांब्यावर अशी उभी राहायची, जणू गाडी तिच्यासाठीच डेपोतून सोडलेली आहे. गाडी भरून आली तरी आपल्याला खिडकीची जागा मिळणार, कंडक्टरकडे सुट्टे असणार, मालवणात उतरल्यावर कॉलेजची घंटा आपण पोचेपर्यंत थांबणार, असा तिचा हिशेब असे. हिशेब रोज चुकायचा आणि दुसऱ्या दिवशी ती तोच घेऊन उभी. कोणी काही शंका काढली की तिचं एक वाक्य तयार होतं: "काय होवचा नाय!" आये म्हणायची, "गो, छत्री घे." काय होवचा नाय. बाबा म्हणायचे, "शोभा, अभ्यासाचा काय?" काय होवचा नाय. भिजून यायची, शिंकायची आणि शिंकता शिंकता सांगायची की माझी प्रकृतीच मुळात दणकट.

माझ्या पाठची सुमी अगदी उलटी. ऊन रणरणत असलं तरी ती वाळवणाच्या शेजारी गोणपाट घेऊन बसायची, आभाळ आलंच तर झाकायला हवं म्हणून. पेजेत मीठ घालण्याआधी आयेला विचारायची, घातल्यावर चाखायची आणि पुन्हा विचारायची. घरात आम्ही सगळे तिला भित्री म्हणायचो. सकाळी आडाळ्यावर नारळ खवण्याचा खसखस आवाज यायचा तो तिचाच. मी उठेपर्यंत तिची परसातली झाडलोट झालेली असायची, चुलीवर उकड्या तांदळाची पेज रटरटत असायची आणि निखाऱ्यावर सुका बांगडा भाजल्याचा वास घरभर. मी डोळे चोळत येऊन पानावर बसायची आणि बांगड्याचा मधला तुकडा उचलायची. तो मला मिळणार याबद्दल मला शंका नसायचीच, पण तो रोज माझ्यासाठी कोण ठेवतं, हा प्रश्न मला त्या सगळ्या वर्षांत एकदाही पडला नाही. बाबा भाताची शेती आणि डोंगरावरची काजूची बाग बघायचे, बोलायचे कमी. घरात बोलण्याचं काम माझ्याकडे होतं.

आम्हाला मानसशास्त्र शिकवणारे सर होते, सडपातळ, खांद्याला कायम खडूची पूड लागलेली. एक दिवस त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "या वर्गातल्या इतर मुलांपेक्षा आपण नापास व्हायची शक्यता कमी आहे, असं कोणाकोणाला वाटतं? हात वर." सगळ्यांचे हात वर. "इतरांपेक्षा आपला संसार सुखाचा होईल?" हात वर. "इतरांपेक्षा आपण कमी आजारी पडू?" पुन्हा हात वर. सर हसत सुटले. म्हणाले, "म्हणजे या वर्गात प्रत्येक जण प्रत्येकापेक्षा नशीबवान. मग बाबांनो, रोज एसटी चुकते ती कोणाची?" सगळा वर्ग हसला. मग ते म्हणाले, हात कसे वर येतात तेही बघण्यासारखं असतं. बडबड्यांचा प्रश्न संपायच्या आत येतो. घाबरट असतात ते आधी आजूबाजूला बघतात, मग कोपरापर्यंत उचलतात. आणि वेळापत्रक लावून अभ्यास करणारे जरा विचार करून वर करतात, कारण ते खरंच मोजत असतात. बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात अजून वरच होता. मला वाटलं, सर माझं कौतुक करताहेत. घरी येऊन तसं सांगितलंसुद्धा.

परीक्षेचा अभ्यास मी कसा केला ते सांगते. प्रत्येक विषयातले मला आवडलेले प्रश्न मी वाचले. बाकीचे येणार नाहीत, असं ठरवून टाकलं. पेपर हातात पडला तेव्हा न आवडलेलेच प्रश्न जास्त होते, पण मी भरपूर लिहिलं. पुरवणी मागून घेतली. पुरवणी घेतली की तपासणाऱ्यावर छाप पडते, अशी माझी समजूत. त्यातून गावच्या सोसायटीत पदवीधराची जागा रिकामी होणार होती. चेअरमन बाबांच्या ओळखीचे. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "पोरगी पास झाली की जूनात येऊन खुर्चीवर बसू दे." त्या खुर्चीवर मी मनानं एप्रिलपासूनच बसले होते.

आता नवसाचं. मी शेवटच्या वर्गात गेले तेव्हा आयेनं आमच्या काजूच्या डोंगरावरल्या राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, बोलून ठेवलं होतं, पोरगी पास झाली की कोंबडा देईन आणि वाडीला वडे जेवू घालीन. नवस फेडायला घरातला थोरला पुरुष लागतो आणि आमच्याकडचे थोरले म्हणजे मुंबईला गिरणीत असलेले भाऊकाका. ते मे महिन्यात पंधरवडाभर येत आणि गणपतीला पुन्हा. निकाल जूनात. गणपतीच्या दिवसांत कोंबडा कापायची सोय नाही. आये काळजीत पडली, नवस लांबला तर राखणदार रागावेल.

"मगे आताच फेडूया," मी म्हटलं.

भाऊकाका सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला. "निकाल लागाच्या आधी?"

"पास तर मी होतलंयच. उलट आधी दिलो तर राखणदार बांधलो जातलो. खाल्ल्यावर तो नाय कसो म्हणात?"

भाऊकाका इतके हसले की सुपारी अंगणात उडाली. "वकील हो गो तू, वकील!" ते म्हणाले. आणि हसण्यातच ते ठरून गेलं. नीट विचार करून ठरवलं असतं, तर कोणी तयार झालं नसतं.

त्याच आठवड्यात सुमीला बोलावणं आलं होतं. बारावी होऊन ती वर्षभर घरीच होती. घाट चढून गेल्यावर एका गावात एक लहानसं हॉस्पिटल होतं, तिथं दहा-बारा मुली ठेवून घेऊन नर्सिंग शिकवायचे, राहणं-खाणं त्यांच्याकडेच. तिनं कुणाकडून तरी ऐकून स्वतःच अर्ज केला होता. सुमीनं स्वतःहून केलेली, माझ्या आठवणीतली ती पहिली गोष्ट. मुलाखतीचा दिवस आणि नवसाचा दिवस एकच निघाला. नवसाचा हलवता येईना, काका दुसऱ्या दिवशी निघणार होते. तिनं आपला निळा पंजाबी ड्रेस धुतला, तांब्यात निखारे भरून त्याला इस्त्री केली आणि खुंटीला लावून ठेवला. संध्याकाळी बाबा पडवीत बसलेले बघून ती खांबाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, माका थंय जावक व्हया."

"घरात वाडी जेवतली आणि तू खंय जातस?" आये आतून म्हणाली. "खोबऱ्याचा वाटप कोण वाटतला?"

"मी फाटेक उठान वाटून ठेवतंय. मगे पयल्या गाडयेन जातंय."

बाबा कधी नव्हे ते पेचात पडले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरातली शिकलेली मी. "शोभा, तू काय म्हणतस?"

दूध चुलीवर असतं तर मी आत्ता उठले असते. पण लिहायला बसलं की उठता येत नाही.

मी पाय हलवत कैरी खात होते. मी म्हटलं, "इतक्याशा हॉस्पिटलात शिकान काय करतली ती? जूनापासून माझो पगार सुरू. पुढल्या वर्षी तिका कोल्हापुराक मोठ्या कॉलेजात घालूया. आणि खरा सांगू बाबा, रगत बघून हिका चक्कर येतली. परत पाठवतले दोन दिवसांत."

"माका येवची नाय चक्कर," सुमी म्हणाली.

"तुका काय ठावक?"

ती नखानं खांब खरवडत राहिली. मग खांबाकडे बघत, अगदी हळू म्हणाली, "ताई, तू नापास झालंस तर?"

 मी कैरी खाली ठेवली. "माझ्यावर इतको पण विश्वास नाय तुझो?" मी म्हटलं आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाणी खरं होतं, हेच त्यातलं वाईट. आये बाहेर आली आणि सुमीवर ओरडली, "शुभ बोलाक येणा नाय तुका? कामाच्या टायमाक असली भाषा!" सुमीनं माझा हात धरला. म्हणाली, "चुकला माझा ताई. रडू नको. जाणंय नाय मी." तिनं माझी माफी मागितली आणि मी मोठ्या मनानं ती दिली. ड्रेस खुंटीलाच राहिला.

नवसाच्या दिवशी सकाळपासून घर गजबजलं. वड्याचं पीठ आंबून फुगलेलं, अंगणात तीन दगडांची चूल, तळणीतून टम्म फुगून वर येणारे वडे, भाजलेल्या खोबऱ्याचा वास. सुमी परसात पाट्यावर वाटप वाटत होती, वाडीला पुरेल एवढं. मी नवी साडी नेसून येणाऱ्या-जाणाऱ्याचं अभिनंदन स्वीकारत फिरत होते. दुपारच्या आधी आम्ही डोंगरावर गेलो. गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालणारे घाडीमामा राखणदाराच्या दगडापुढे उभे राहिले, मागे वाडीतली माणसं. मामांनी नारळ हातात घेतला आणि थबकले.

"काय सांगू म्हाराजाक? चेडू पास झाला म्हणान?"

"निकाल लागाक नाय अजून," बाबा पुटपुटले.

"मगे नवस कसलो फेडतास?"

"पास झाल्यातच जमा आसा, मामा!" मी मागून म्हटलं. "तुमी सांगा बिनधास्त."

घाडीमामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कोंबड्याकडे. मग डोळे मिटून सूर लावला आणि मागची माणसं साथ देऊ लागली. "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चेडवान परीक्षा दिल्यान आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ता पास झाल्यातच जमा आसा, असा ता सोताच सांगता..."

"व्हय म्हाराजा!"

"तेचा खरा-खोटा तुका ठावक. आमी जेवान गेलाव म्हणान आमका दोष लावू नको..."

या वेळचा "व्हय म्हाराजा" आधीच्या सगळ्यांहून मोठा झाला. नातवंडं हसतात ती इथं. मीही त्या दिवशी हसले. पंगती उठेपर्यंत हसत होते. सुमी वाढत होती. तिची बोटं तिखटानं लाल झाली होती. "जेवलंस काय गो?" असं मी तिला विचारल्याचं मला आठवत नाही.

निकालाच्या दिवशी मी मालवणात उतरून आधी पेढे घेतले, कारण दुकान वाटेवर होतं. कॉलेजच्या भिंतीवर कागद लावले होते. त्यात माझा नंबर नव्हता. मला वाटलं, छापायचा राहिला. तसं मी ऑफिसात जाऊन क्लार्कला सांगितलंसुद्धा, "अहो, तुमच्याकडून एक नंबर राहिलाय." त्यांनी गठ्ठ्यातून माझी गुणपत्रिका काढून पुढं सरकवली. दोन विषय गेले होते. एक इंग्रजी. दुसरा मानसशास्त्र. जिन्यात सर भेटले. त्यांना माहीत असावं. "ऑक्टोबरला बस," एवढंच म्हणाले आणि मी, बघा तिचं धाडस, म्हणाले, "हो सर, ऑक्टोबरला नक्की."

कट्ट्याला उतरल्यावर पाय घराकडे वळेनात. पेढे घेऊन घरी जायचं कसं? टाकून द्यायला जीव होईना. मी थांब्यामागच्या ओट्यावर बसून ते एकामागून एक खाल्ले. समोर एक कुत्रं येऊन बसलं, त्यालाही दिले. खोका गटारात टाकला, तोंड पुसलं आणि घरी गेले.

"लागलो काय गो?" आयेनं दारातच विचारलं.

"लागाक नाय. पुढल्या आठवड्यात."

पुढचा आठवडा गेला. मी म्हटलं, अजून नाही. मला आत कुठंतरी खरंच वाटत होतं की काहीतरी होईल, कोणीतरी पेपर पुन्हा तपासेल, चूक सापडेल, एक पत्र येईल. शेवटी सोसायटीचे चेअरमनच घरी आले. पडवीत बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. "आमच्या वाडीतल्या झिलाचो निकाल लागलो. त्याच कॉलेजात आसा. हिचो कसो लागाक नाय?"

मी तोंड उघडलं. कोणतं वाक्य बाहेर आलं असतं कोण जाणे. सुमी पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "ताई नापास झाली."

नंतर परसात मी तिला विचारलं, तुला कसं कळलं? माडाच्या मुळाशी भांडी घासत ती म्हणाली, "त्या दिवशी तुझ्या तोंडाक पेढ्यांचो वास येय होतो आणि हातात पेढे नव्हते." म्हणजे पहिल्या संध्याकाळपासून तिला माहीत होतं. इतके दिवस तिनं मला खोटं बोलू दिलं होतं, वाढलेलं जेवू दिलं होतं. बाबा उठले. कोयता घेऊन डोंगरावर गेले. आयेला एकच काळजी, आता ऑक्टोबरात पास झाली तर नवस पुन्हा फेडायचा की पहिलाच धरायचा? सोसायटीच्या खुर्चीवर चेअरमनांच्या वाडीतला तो मुलगा बसला. वाडीत मी दिसले की बायका पदरात हसायच्या. "राखणदारान कोंबो परत केल्यान काय गो?" त्यांचं हसणं मी सोसलं, ते सोसण्यासारखं होतं.

सोसवलं नाही ते दुसरंच. जुलैत सुमी काजूच्या फॅक्टरीत जायला लागली. घरात दोघी बसून कशाला, असं आयेचं म्हणणं. बिया फोडताना आतलं तेल उडतं, त्यानं बोटांची साल जाते. संध्याकाळी ती पडवीत बसून खोबरेल चोळायची आणि मी शेजारी पुस्तक घेऊन. एकदा मी म्हटलं, "सुमी, पुढल्या मे महिन्यात थंय परत बोलवतलेच. तू नक्की..."

"ताई, पुरे," ती म्हणाली. रागानं नाही. दमलेलं माणूस दिवा मालवायला सांगतं, तशी.

पुढचा मे यायच्या आत तिचं लग्न झालं. मार्गशीर्षात, आंबोलीच्या बाजूला. नवऱ्याची घाटातल्या रस्त्यावर चहा-भज्यांची टपरी. माणूस चांगला होता, अजून आहे. आज सुमीचा स्वतःचा गोतावळा मोठा आहे, दर रविवारी आमचं फोनवर बोलणं होतं, गुडघे, पाऊस, सुना, सगळं. तिच्याबद्दल कोणी हळहळावं असं तिनं काही ठेवलेलं नाही. हळहळायचं ते मी माझ्यापुरतं.

मी ऑक्टोबरला बसले, रात्रंदिवस वाचून बसले, आणि पास झाले. निकाल हातात आला तेव्हा ती सासरी जाऊन महिना झाला होता. सांगायला म्हणून मी गेले. ज्या पहिल्या गाडीनं तिला मुलाखतीला जायचं होतं, तीच ती गाडी. टपरीपाशी उतरले. घाट धुक्यात बुडाला होता, समोर दोन ट्रकवाले हात शेकत उभे. सुमी स्टोव्हपाशी होती, डोक्याला स्कार्फ, हाताच्या बोटांवरचे जुने डाग अजून गेले नव्हते.

"पास झालंय गो," मी म्हटलं.

"बरा झाला," ती म्हणाली आणि खरोखर हसली. मला बाकड्यावर बसवलं, पुसून ग्लास दिला, आलं ठेचून चहा केला, गरम भजी पुढं ठेवली. मी खात असताना ती समोर उभी होती. माझी गाडी वर कुठंतरी घाट चढत होती, तिचा आवाज येत होता. तो विरेपर्यंत ती ऐकत राहिली.

"ताई, एक इचारू?" ती म्हणाली. "त्या दिवशी मी गेलंय असतंय, तर माका घेतला असता गो त्येंनी?"

नक्की म्हणायची माझी सवय. ते तोंडाशी आलं होतं. नक्की घेतलं असतं म्हणावं, तर मी तिचं काय काय घेतलं ते तिच्या हातात मोजून दिल्यासारखं. नसतं घेतलं म्हणावं, तर आणखी एक खोटं. 

"माका ठावक नाय," मी म्हटलं.

"माका ठावक आसा," सुमी म्हणाली. माझ्या हातातला ग्लास तिनं काढून घेतला, विसळला आणि ट्रकवाल्यांसाठी चहा गाळायला वळली.